सरळ काढलेली पिल्लं

अक्का, तुम्ही गेलात त्याला आज वीस दिवस झाले. मी हे देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला ते वाचता आलं नसतं. घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी आणि वाणसामानाची यादी तमिळमध्ये, अशी तुमची वाटणी होती. माझ्या माहेरची, साताऱ्याची पत्रं मी वाचून दाखवायचे. मधेच मला थांबवून तुम्ही म्हणायचात, "हें काय मराठी गे? अर्धें हिंदीच कीं." तंजावरला येऊन पिढ्यान् पिढ्या झालेल्या घराण्याला तसं म्हणायचा हक्क आहे, असं तुम्ही धरून चालायचात. मी चिडून वाद घालायचे. तो वाद अर्धाच राहिला.

पाच दिवसांपूर्वी कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राणिशास्त्राच्या प्रमुखबाई बोलल्या, त्या तुमच्याहून नऊ वर्षांनी लहान. "त्यांची डॉक्टरेट पुरी झाली नाही, ही खंत त्यांना शेवटपर्यंत होती," असं त्या म्हणाल्या. पुढच्या रांगेत अम्मा, म्हणजे तुमची आई, माझ्या सासूबाई, बसल्या होत्या आणि शेजारी मी. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. तुम्हाला खंत होती की नाही, ते मला माहीत नाही. डॉक्टरेट का पुरी झाली नाही ते मात्र चांगलं माहीत आहे. ते पुरतं माहीत असलेली मी त्या दिवशी एकटीच उरले होते.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा माझ्याजवळ चित्रकला शिक्षिकेची पदविका होती आणि पापनाशमजवळच्या या खेड्यात तिला कुत्रं विचारत नव्हतं. दारातली ठिपक्यांची कोलम, म्हणजे इथली रांगोळीसुद्धा मला धड जमत नव्हती. एकदा कंटाळून मी मागच्या भिंतीवर कोळशानं मांजर काढलं. तुम्ही कॉलेजातून आलात, पर्स खांद्यालाच ठेवून त्या मांजराकडे बराच वेळ पाहिलंत, आणि त्याच्या मिशा मोजल्यात. मग विचारलंत, "माझ्या माशांच्या पिलांचीं चित्रें काढशील?" त्या घरात मला कुणीतरी काम दिलं, ते पहिल्यांदा.

तुमचा विषय तुम्ही मला भाजी निवडता निवडता समजावलात. भातावर अळीसाठी जे औषध फवारतात, ते थोडं थोडं पाण्यात उतरलं तर त्या पाण्यातल्या माशांच्या अंड्यांचं काय होतं? औषध जास्त झालं की मासे मरून वर येतात, ते सगळ्या गावाला दिसतं. तुम्हाला न मरणाऱ्यांचं बघायचं होतं. जे अंड्यातून बाहेर येतात, पण उशिरा येतात. ज्यांचं हृदय हळू चालतं. ज्यांच्या पोटाखालची पिवळ्या बलकाची पिशवी फुगून राहते. ज्यांची शेपटी वळते आणि मग सरळ पोहताच येत नाही. त्या वर्षांत बाजारात नव्या नव्या औषधांचा सुळसुळाट झाला होता. दुकानदार रंगीत पोस्टरं लावायचे, गिऱ्हाइकाला भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचे. तसलं एक घड्याळ आपल्या स्वयंपाकघरातही होतं आणि त्यावर बघूनच तुम्ही पिलांच्या हृदयाचे ठोके मोजायला शिकवलंत, कारण कॉलेजचं स्टॉपवॉच बंद पडलं होतं.

प्रयोग घरी करायचं ठरलं ते पाण्यापायी. कॉलेजच्या नळाला ब्लीचिंग पावडरचा वास यायचा, त्यात अंडी टिकत नव्हती. आपल्या मागच्या विहिरीचं पाणी गोड, थंड. पण या घरात कधी अंडं शिजलेलं नाही, मासा तर लांबच. अम्मा म्हणाल्या, "मीन घरांत? मी मेल्यावर आणा." दोन दिवस त्या तुमच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अट सांगितली: भांडी रिकाम्या गोठ्यात राहतील. "आणि ज्या हातांनीं मीन धरतां, त्या हातांनीं विहीर शिवायची नाहीं. पाणी मी काढून देईन."

आणि दिलं. रोज पहाटे ओल्या मडीच्या पातळात, म्हणजे आमच्या साताऱ्याकडच्या सोवळ्यात, देवाच्या आंघोळीच्या पाण्याबरोबर त्या तुमच्या माशांचंही पाणी काढायच्या आणि आपल्या भांड्यात उंचावरून ओतायच्या, शिवाशिव होऊ नये म्हणून. तुम्ही गालात हसून मला म्हणालात, की जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत इतक्या निगुतीनं काढलेलं पाणी मिळत नसेल. मलाही ते पटलं. पाणी मडीनं काढलेलं आहे म्हणजे ते शुद्ध, यावर आपण दोघी शिकल्यासवरलेल्या बायकांनी क्षणभरही विचार केला नाही.

अंडी आणायला आपण ओरत्तनाडूच्या बाजूला जायचो. तिथला मासे पैदा करणारा माणूस पाणवेलीला चिकटलेली अंडी ओल्या पिशवीत घालून द्यायचा. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं होतं, ही कसली कीरै, म्हणजे कसली पालेभाजी? तुम्ही चेहरा न हलवता तमिळमध्ये म्हणालात, "मुलं आहेत. तिकीट लागणार नाही ना?" लग्न न केलेली, केसांत पांढरी बट असलेली प्राध्यापिका असं बोलेल याची त्याला कल्पना नव्हती. पापनाशमपर्यंत तो आपल्याकडे आला नाही.

पाच भांडी मांडलीत. चारांत औषध, एकापेक्षा एकात जास्त. पाचव्यात नुसतं पाणी. पाचव्याला तुम्ही कंट्रोल म्हणायचात. सगळ्याची तुलना त्याच्याशी. सूक्ष्मदर्शकावर बसवायची ती आरशाची जोडणी तुम्ही कॉलेजातून आणलीत, तिचं नाव कॅमेरा ल्युसिडा. डोळा लावला की पिल्लू काचेखालीही दिसतं आणि शेजारच्या कागदावरही पडतं. आपण फक्त त्याच्यावरून पेन्सिल फिरवायची. "ह्यांत तुझें मत नको," तुम्ही बजावलंत. "कागदावर जें पडेल तेंच काढ." मी म्हटलं, मग मी कशाला हवी? तुम्ही म्हणालात, "हात थरथरूं नये म्हणून."

पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या होत्या. एकदा अंड्यांवर बुरशी आली, एकदा वीज गेली नि भांड्यांत हवा सोडणारा पंप बंद पडला. ही तिसरी खेप. तुमच्या डॉक्टरेटच्या नावनोंदणीची मुदत संपत आली होती. तुमच्या मार्गदर्शकांनी दोनदा निरोप पाठवला होता. त्या आठवड्यात तुम्हाला परीक्षेवर देखरेखीची पाळी लागली. सकाळी पिल्लं फॉर्मलिनच्या नळ्यांत घालून, चिठ्ठ्या लावून तुम्ही सातची गाडी पकडायचात आणि मी दिवसभर गोठ्यात बसून चित्रं काढायची.

पाचव्या भांड्याची पिल्लं मी बुधवारी काढायला घेतली. पहिलं सरळ होतं. दुसरं सरळ. तिसऱ्याची शेपटी वळलेली. पाचवं वळलेलं. पुढच्या पानावर आणखी दोन. औषधाच्या भांड्यांइतकी नाहीत, पण होती. मी काच पुसली, पिल्लू हलवून पाहिलं. कागदावर बाक पडतच होता.

मी काय केलं ते आता लिहिते. मी पेन्सिल त्या बाकावरून नेली नाही. सरळ नेली. चारही पिल्लं सरळ काढली. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की कंट्रोलची पिल्लं वाकडी म्हटल्यावर तुम्ही ही खेपसुद्धा फेकून द्याल, मुदत जाईल, आणि दहा वर्षं ज्यासाठी पहाटेच्या गाड्या धरल्यात ते जाईल. अगदी सहज केलं. सुबक झाली होती चित्रं. तुम्ही संध्याकाळी येऊन पाहिलीत आणि म्हणालात, "बरें हात आहे तुझा."

प्रबंध टाइप झाला. एसटीडी बूथशेजारी कॉम्प्युटरवर टाइप करून देणारं नवं दुकान निघालं होतं, तिथे. छायाचित्रांसाठी नळ्यांतली चांगली पिल्लं निवडायला तुम्ही बसलात आणि तुम्हाला दिसायचं ते दिसलं. त्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत, नळी आणि माझं चित्र शेजारी ठेवलंत. दोन्हींवर एकच आकडा.

"हें असें कसें गे?"

"मला तसंच दिसलं," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. त्या आरशाच्या जोडणीतून वाकडं ते सरळ दिसू शकत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही चित्र उचलून कडेला ठेवलंत आणि म्हणालात, "चूक माझी. मी स्वतां बघायला पाहिजे होतें." दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनाही तेच सांगितलंत. ते म्हणाले म्हणे, चार पिल्लं कोण बघतो, देऊन टाका. मीही म्हटलं, द्या. तुमच्या भावाने, माझ्या नवऱ्यानेही सांगितलं. जेवताना केवढं भांडण झालं! तुम्ही रसमभात कालवत शांतपणे म्हणालात, "कंट्रोल वांकडा आहे म्हणजे मी दहा वर्षें काय मोजलें तें मलाच ठाऊक नाहीं. तसें कसें देऊं?"

मला राग आला होता तुमचा. खोटं वाटेल, पण अपराधीपणाच्या आधी मला रागच आला. तुमच्यासाठी मी जे केलं होतं ते तुम्ही उधळून लावत होतात, असं वाटलं. हेकट बाई, असं मी मनात म्हटलं, आणि एकदा नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं.

पुढच्या मोसमात तुम्ही एकट्यानं तीन भांडी मांडलीत. एका जोडीची अंडी, औषध कशातच नाही. एकात साठवलेलं पावसाचं पाणी, एकात तंजावरच्या तुमच्या मैत्रिणीच्या विहिरीचं, एकात आपलं. आपल्यातच पिल्लं वळली. मग तुम्ही विहिरीपाशी जाऊन उभ्या राहिलात आणि मला बोलावलंत. विहिरीला लागून आपलं भात. कालव्याला पाणी नसेल तेव्हा फवारणीला पाणी विहिरीचंच. आणि फवारणारा मुरुगेशन, त्यानं विहिरीला शिवायचं नाही हा अम्मांचा दंडक. म्हणून त्याचा फवारणीचा पंप विहिरीच्या कट्ट्याजवळ ठेवायचा आणि घरातल्या कुणीतरी वरून पाणी ओतायचं. औषध तिथेच कालवायचं, काम झाल्यावर पंप तिथेच धुवायचा, पुन्हा वरून पाणी ओतून. मीही कितीदा ओतलं आहे. दगडांचा उतार आतल्या बाजूला होता आणि सांध्यांतला चुना गेलेला. मुरुगेशनला आपण विहिरीला हात लावू दिला असता, तर तो दोन बादल्या काढून बांधावर घेऊन गेला असता.

"औषधच आहे असें मी म्हणत नाहीं," तुम्ही म्हणालात. ते तपासायचं यंत्र कॉलेजात नव्हतं. "पाणी बरें नाहीं, इतकेंच म्हणतें." तुमचं हे असं तोलून बोलणं मला तेव्हा फार टोचायचं.

मुदत तोवर संपली होती. तुम्ही अर्ज केलात, तो नामंजूर झाला. त्याबद्दल घरात कधी बोलला नाहीत.

तुमच्या भावाने ऐकलं, पंप हलवला, आम्ही पंचायतीच्या नळाचं पाणी प्यायला लागलो. अम्मा मात्र ऐकेनात. "माझ्या मडीच्या पाण्यांत विष? माझें पाणी देव घेतो, तुझा मीन घेत नाहीं होय?" देवाला आणि स्वतःला त्या विहिरीच्याच पाण्यानं कूजा, म्हणजे पाण्याचा चंबू, भरून ठेवायच्या. तुम्ही समजावलंत, ओरडलात, रडलातसुद्धा एकदा. मग मला म्हणालात, "त्या नळ्यांतल्या पिलांचीं चित्रें पुन्हां काढ. मोठीं काढ. अम्मांना वाचून पटणार नाहीं, बघून पटेल."

मी म्हटलं, मनगट दुखतंय. महिन्याभरानं तुम्ही पुन्हा विचारलंत. मी म्हटलं, आता सवय गेली. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत.

मनगट दुखत नव्हतं. वाकडी पिल्लं मी वाकडी काढली असती, तर ती मला आधीही तशीच दिसली होती हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तुम्हाला ते ठाऊक होतं, याची मला जवळजवळ खात्री आहे. तरी बोलायची हिंमत झाली नाही. तुम्ही तुमची सकाळची कॉफी मला दवऱ्यात, त्या कॉफीच्या पसरट वाटीत, अर्धी ओतून द्यायचात, तशीच देत राहिलात. माझ्या लेकीला सूक्ष्मदर्शक दाखवायला न्यायचात. माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाहीत, आणि त्यानंतरची पाच वर्षं अम्मा तेच पाणी पीत राहिल्या.

तेरावा झाल्यावर मी तुमचं कपाट रिकामं करायला कॉलेजात गेले. पाचव्या भांड्याच्या नळ्या मागच्या फळीवर होत्या, तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. प्रमुखबाईंनी जुना सूक्ष्मदर्शक आणि आरशाची जोडणी आठवड्याच्या बोलीवर दिली. गोठ्यात बसून मी ती चारही पिल्लं काढली, एकेक कागद भरून. कागदावर पडेल तेच. सवय गेलेली नव्हती.

ती चित्रं मी अम्मांपुढे ठेवली. त्यांनी जुनी चित्रंही मागितली, म्हणून तीही ठेवली. पंचाहत्तरीच्या त्या बाई चष्मा पुसून दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"तेव्हां सरळ काढलेंस. अत्तां वांकडें काढतेस," त्या म्हणाल्या. "कोणतें खरें मानूं?"

मी म्हटलं, "आत्ताचं. तेव्हा मी खोटं काढलं, अम्मा. मला वाकडं दिसत होतं. मुद्दाम सरळ केलं."

"तिला सांगितलेंस?"

"नाही."

"तिचें पट्टम तुझ्यामुळें गेलें?" पदवीला त्या पट्टम म्हणतात.

डॉक्टरेट कदाचित विहिरीमुळेही गेली असती. मी सांगितलं असतं, तर ती तीन भांडी तुम्ही त्याच मोसमात मांडली असतीत आणि मुदतीत बसलाही असतात. हे सगळं मला नीट मांडून सांगता आलं असतं. मी फक्त "हो" म्हटलं.

त्यांनी सगळे कागद गोळा केले, त्यांच्या कडा जुळवल्या आणि उठून आत गेल्या.

याला आज तिसरा दिवस. अम्मा माझ्याशी बोलत नाहीत. मी वाढलेलं जेवतात, पण मान वर करत नाहीत. आणि रोज पहाटे त्या ओल्या मडीच्या पातळात कूजा घेऊन पंचायतीच्या नळावर रांगेत उभ्या राहतात. मी भरून आणते म्हटलं, तर ऐकलं नसल्यासारखं केलं. नळावरच्या बायका बाजूला होऊन त्यांना पुढे बोलावतात, त्या जात नाहीत. त्यांनी माझं खरं मानलं, आणि खरं मानलं म्हणूनच त्या बोलत नाहीत.

अक्का, मला तुमची फार आठवण येते. आणि हेही सांगते, की तुम्ही माझ्यावर एकदा तरी रागवायला हवं होतं. तुमच्या वाटचा राग आता अम्मा धरून बसल्या आहेत. तो सोडा, असं मी त्यांना म्हणणार नाही.